चिनी मातृभाषक म्हणजे नक्की कोण? ब्लूम–आऊ वादाचं प्रकरण

भाषेच्या आकलनावरचा कुठलाही तुलनात्मक अभ्यास उघडा, सहभागींची माहिती तीन-चार ओळींत उरकलेली असते. इतके इंग्रजी मातृभाषक, इतके मँडरिन (म्हणजे प्रमाण चिनी) मातृभाषक, वयं अमुक ते तमुक, बहुतेक सगळे विद्यापीठातले. वाचणारा तिथे रेंगाळत नाही, थेट निकालाच्या तक्त्याकडे जातो. १९८० च्या दशकात ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात एक वाद चांगलाच रंगला होता. ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ असा न घडलेल्या गोष्टींचा विचार चिनी भाषकांना जड जातो का, यावर आल्फ्रेड ब्लूम एका बाजूला आणि टेरी आऊ दुसऱ्या. वरवर तो व्याकरणाचा होता. नीट वाचत गेलं तर घोडं पेंड खात होतं ते या तीन-चार ओळींतच.

सुरुवात हाँगकाँगची. आल्फ्रेड ब्लूम हे अमेरिकन भाषा-मानसशास्त्रज्ञ (पुढे स्वार्थमोर कॉलेजचे अध्यक्ष झाले) १९७२-७३ मध्ये तिथे लोकांच्या राजकीय विचारांवर एक प्रश्नावली भरून घेत होते. त्यातला एक प्रश्न साधारण असा: हाँगकाँगबाहेर जन्मलेल्या प्रत्येकाने दर आठवड्याला आपल्या हालचालींचा अहवाल पोलिसांना द्यावा, असा कायदा सरकारने केला असता, तर तुम्ही काय केलं असतं? उत्तरं आली ती अशी: ‘पण सरकारने तसा कायदा केलेला नाही.’ ‘सरकार असं करूच शकत नाही.’ ‘करणार नाही.’ नुसती कल्पना करून बघा, असा आग्रह धरला तेव्हा काहींनी सांगून टाकलं की असं बोलणं, असा विचार करणं आम्हा चिनी लोकांचं नव्हे.

मला ही उत्तरं फारशी विचित्र वाटत नाहीत. ब्रिटिशांची वसाहत, चीनच्या मुख्य भूमीवरून जीव मुठीत धरून आलेली लाखो माणसं, आणि समोर एक परदेशी गृहस्थ विचारतो आहे की पोलिसांकडे हजेरी लावायला सांगितलं तर काय कराल. ‘तसा कायदा नाही’ हे यावरचं सगळ्यात शहाणपणाचं उत्तर आहे. पण ब्लूमना त्यात भाषेचा धागा दिसला आणि तो धागा त्यांनी पुढे बरीच वर्षं ओढला.

धागा असा. मराठीत ‘तो आला तर मी जाईन’ आणि ‘तो आला असता तर मी गेलो असतो’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं ऐकताक्षणी कळतं की तो आला नाही आणि मीही गेलो नाही. शाळेच्या व्याकरणात आपण याला संकेतार्थ म्हणतो आणि उदाहरण ठरलेलं असतं: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. इंग्रजीतही क्रियापदाच्या रूपावरून ही गोष्ट कळते. चिनीत क्रियापद बदलत नाही. ‘तो येतो तर मी जातो’ अशा धाटणीचं एकच वाक्य दोन्ही अर्थांनी चालतं, कुठला अर्थ घ्यायचा ते आजूबाजूच्या मजकुरावरून ठरतं. म्हणजे बोलणाऱ्यांना असे अर्थ सांगताच येत नाहीत असं मुळीच नाही. ‘याओ-बू-शी’ (अमुक नसतं तर) किंवा ‘त्झाओ-जी-दाओ’ (आधी कळलं असतं तर) असे शब्दप्रयोग चिनी माणूस रोज वापरतो. पण इंग्रजीसारखी सक्तीची, प्रत्येक क्रियापदाला चिकटणारी खूण नाही. ब्लूमचा तर्क असा की खूण नसेल तर तसा विचार लांबवर ओढत नेणं जड जात असणार.

हे तपासायला त्यांनी तैवानमध्ये विद्यार्थी आणि विद्यार्थी नसलेले प्रौढ, आणि अमेरिकेत तसेच दोन गट घेतले. त्यांची गाजलेली चाचणी एका गोष्टीवर होती. ती जरा जवळून पाहू, कारण सगळा वाद तिच्या पोटात आहे.

बिअर नावाचा अठराव्या शतकातला एक युरोपीय तत्त्वज्ञ. विश्वाची तत्त्वं आणि निसर्गाचे नियम शोधण्याचा त्याला ध्यास. त्या काळी चीन आणि युरोप यांच्यात थोडाफार संबंध असल्यामुळे चिनी तत्त्वज्ञांचे ग्रंथ युरोपात मिळत, पण त्यांची भाषांतरं झालेली नव्हती. बिअरला चिनी वाचता येत नव्हतं. ते येत असतं, तर या ग्रंथांचा आपल्या शोधाशी संबंध आहे हे त्याला कळलं असतं. चिनी तत्त्वज्ञ गोष्टींमधल्या परस्परसंबंधांवर भर देतात, याचा त्याच्यावर प्रभाव पडला असता. मग त्याने दोन्ही विचार एकत्र आणून नवा सिद्धांत मांडला असता, आणि त्यातून पाश्चात्त्य विचारातली एक उणीव भरून निघाली असती. पुढेही अशीच वाक्यामागून वाक्यं. मग प्रश्न: या मजकुराप्रमाणे बिअरने पाश्चात्त्य जगाला काय काय दिलं? पर्यायांत ही सगळी योगदानं मांडलेली, आणि शेवटी ‘यांपैकी काहीही योग्य नाही, कारण लिहा’. बरोबर उत्तर हे शेवटचं. बिअरला चिनी येतच नव्हतं, तेव्हा यातलं काहीच घडलं नाही.

अमेरिकन वाचकांनी जवळपास एकमुखाने शेवटचा पर्याय निवडला. चिनी मजकूर वाचणाऱ्या तैवानी लोकांचं प्रमाण बरंच कमी निघालं, आणि चिनी मजकूर जसा बदलला तसं ते वरखालीही झालं. त्यातही ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या त्यांना काही काळाने तोच मजकूर इंग्रजीत दिला, तेव्हा तीच माणसं बरोबर उत्तर देऊ लागली. ब्लूमना हा भक्कम पुरावा वाटला. माणूस तोच, भाषा बदलली, उत्तर बदललं. १९८१ मध्ये हे सगळं त्यांच्या पुस्तकात आलं आणि भाषेमुळे विचाराला वळण लागतं असं मानणाऱ्यांच्या हाती कोलीत मिळालं.

आता तैवानमधले हे ‘चिनी भाषक’ कोण होते ते पाहा. १८९५ ते १९४५ तैवान जपानच्या ताब्यात होतं आणि शाळा जपानीत चालत. १९४५ नंतर मुख्य भूमीवरून आलेल्या कुओमिंतांग पक्षाच्या सरकारने मँडरिन ‘राष्ट्रभाषा’ म्हणून आणली. बहुसंख्य लोकांच्या घरी मँडरिन नव्हतीच, होक्कियन ही वेगळी चिनी भाषा होती, काहींच्या घरी हाक्का, आदिवासींच्या आपापल्या भाषा. शाळेत होक्कियन बोललं तर मुलांना दंड व्हायचा, गळ्यात पाटी अडकवली जायची. १९७० च्या दशकात ज्यांनी चाळिशी ओलांडली होती अशा कितीतरी तैवानी माणसांची पहिली शाळा जपानी होती. ती माणसं होक्कियन बोलत मोठी झाली आणि मँडरिन त्यांना ऐन मोठेपणी चिकटली. अशा माणसाच्या हातात तत्त्वज्ञानाचा लांबलचक छापील परिच्छेद दिला आणि तो अडखळला, तर दोष चिनी व्याकरणाचा म्हणायचा, तिसऱ्या भाषेत वाचण्याचा म्हणायचा, की शाळेचा? ‘विद्यार्थी नसलेले प्रौढ’ हा गट निवडताना हेतू चांगलाच होता, निष्कर्ष फक्त विद्यापीठापुरते राहू नयेत. पण अमेरिकेतला विद्यार्थी नसलेला प्रौढ लहानपणापासून ज्या भाषेत वाचत आला तीच भाषा त्याच्या समोर होती. तैवानमधल्या त्याच्या जोडीदाराबद्दल तसं म्हणता येत नाही. दोन्हीकडे रकान्याचं नाव एक आणि आतला माल वेगळा.

दुसऱ्या बाजूने टेरी किट-फाँग आऊ यांनी १९८३ मध्ये ‘कॉग्निशन’मध्ये पाच प्रयोगांचा एक लेख छापला. त्या स्वतः हाँगकाँगच्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: ब्लूमचं चिनी अस्सल नाही. इंग्रजी वाक्यांचा सांगाडा तसाच ठेवून वर चिनी शब्द बसवले आहेत, त्यामुळे वाचणारा चाचपडतो. त्यांनी बिअरची गोष्ट नैसर्गिक चिनीत पुन्हा लिहिली, शिवाय स्वतःची एक गोष्ट रचली. त्यात एक डच शोधक मध्य आफ्रिकेत झुडपाआडून काही लोकांना पाहतो. ते माणसाच्या मांसाचा रस्सा पीत असतात. त्यांची भाषा त्याला कळत नाही, ती कळली असती तर त्यामागचं कारण समजलं असतं. हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांनी या गोष्टींत जवळपास काहीच चूक केली नाही. इंग्रजी बेताचंच येणाऱ्या मुलांवरही त्यांनी चाचणी घेतली, तिथेही फारसा फरक पडला नाही.

पण आऊंचा मला सगळ्यात आवडणारा डाव वेगळाच आहे. त्यांनी बिअरची गोष्ट चिनीवरून शब्दशः इंग्रजीत आणली, ओबडधोबड, आणि ती अमेरिकन विद्यार्थ्यांना दिली. तेही घसरले. अस्सल इंग्रजी मातृभाषक, क्रियापदावर संकेतार्थाची खूण असलेली भाषा, आणि तरी उत्तर चुकलं. या प्रयोगासाठी एकही चिनी माणूस शोधावा लागला नाही, म्हणून मातृभाषक कोण हा वाद त्याला शिवतच नाही. सगळ्या लेखातला हा तुकडा सर्वात मजबूत आहे असं माझं मत आहे.

बाकीच्या तुकड्यांवर मात्र ब्लूमनी १९८४ मध्ये बरोबर बोट ठेवलं. त्यांचा आक्षेप असा: तुमचे सहभागी हाँगकाँगचे, म्हणजे लहानपणापासून इंग्रजीत भिजलेले. तिथे चिनीला अधिकृत भाषेचा दर्जा १९७४ मध्ये मिळाला. त्याआधी राज्यकारभार, न्यायालय, मोठ्या नोकऱ्या सगळं इंग्रजीत, आणि आईबापांची ओढ इंग्रजी माध्यमाच्या माध्यमिक शाळांकडे. अशा मुलांनी चिनी गोष्टीत बरोबर उत्तर दिलं, तर ते उत्तर चिनी भाषेने दिलं की डोक्यात मुरलेल्या इंग्रजीने? आऊंनीही त्याच वर्षी उत्तर दिलं. दोघांच्या लेखांचा सूर हळूहळू तापत गेलेला दिसतो, आणि त्या तापलेल्या सुरात एक गोष्ट कोणी फारशी उचलली नाही.

हाँगकाँगच्या मुलांच्या घरची भाषा मँडरिन नव्हती. ती कॅन्टोनीज होती, दक्षिण चीनमधली वेगळी भाषा. त्यांनी शाळेत जी लेखी चिनी शिकली ती मँडरिनच्या व्याकरणावर बेतलेली, पण ती कॅन्टोनीज उच्चारांनी वाचली जाते. घरी एक वाक्यरचना, कागदावर दुसरी. म्हणजे तैवानचे वाचक आणि हाँगकाँगचे वाचक दोघेही ‘चिनी मातृभाषक’ म्हणून नोंदले गेले, आणि दोघांपैकी बहुतेकांच्या आईच्या तोंडी ती भाषा नव्हती. बेजिंग किंवा हार्बिनचा माणूस, ज्याच्या घरी-दारी, शाळेत, बाजारात मँडरिनच असते, तो या अख्ख्या वादात कुठे दिसत नाही. त्या काळात तो मिळणंही अवघड होतं, हे मान्य. सांस्कृतिक क्रांती नुकतीच संपत होती आणि अमेरिकन संशोधकाला मुख्य भूमीवर जाऊन प्रश्नावली वाटता येण्यासारखी परिस्थिती नव्हती. तैवान आणि हाँगकाँग ही निवड भाषेपेक्षा व्हिसाने केलेली होती, असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

१९८५ मध्ये लिसा लिऊ यांनी तिसरी वाट धरली. इंग्रजीचा गंध नसलेले चिनी वाचक हवेत ना, मग वय खाली आणा. त्यांनी शाळेच्या वेगवेगळ्या इयत्तांमधली, इंग्रजीशी फारसा संबंध न आलेली मुलं घेतली आणि गोष्टी वेगवेगळ्या प्रकारे मांडून पाहिल्या. इयत्ता वाढत गेली तशी उत्तरं सुधारली. गोष्ट कशी मांडली आणि ती ओळखीच्या विषयावर आहे का, यानेही फरक पडला. संकेतार्थाची खूण नसल्यामुळे चिनी डोकं अडतं, असं त्यातून दिसलं नाही. पण इंग्रजी टाळण्यासाठी वय कमी केलं की वाचनाची सवय आणि मोठा मजकूर पेलण्याची ताकदही कमी होते. एक गळती बंद करायला गेलं की दुसरीकडून पाणी येतं.

हा काही जुन्या काळचा किस्सा नाही. आज एखादी अभ्यासक इंग्रजी आणि मँडरिन मातृभाषकांची तुलना करायला निघाली, तर तिच्यापुढे तीच अडचण नव्या कपड्यांत उभी राहते. चीनमध्ये २००१ पासून प्राथमिक शाळेत तिसरीपासून इंग्रजी सुरू करण्याचं धोरण आलं आणि विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेत परदेशी भाषा असतेच, बहुतेकांची ती इंग्रजी. त्यामुळे आज विशीतला मुख्य भूमीवरचा विद्यार्थी दहाएक वर्षं इंग्रजी शिकलेला असतो. तोच विद्यार्थी अमेरिकेत शिकायला आला असेल तर विचारूच नका. समोरचा अमेरिकन गट मात्र बहुधा एकभाषक. मग तुलना इंग्रजी विरुद्ध मँडरिन अशी राहत नाही, एकभाषक विरुद्ध द्विभाषक अशी होते, आणि शीर्षकात ते कुठेच येत नाही.

याच विषयाला लागून मानसशास्त्रज्ञ लेरा बोरोदित्स्की यांचा २००१ चा अभ्यास आहे. मँडरिनमध्ये काळासाठी ‘वर’ आणि ‘खाली’ हे शब्दही वापरतात, गेला महिना तो वरचा आणि पुढचा तो खालचा. तेव्हा मँडरिन भाषक काळ उभा कल्पितात का, हा त्यांचा प्रश्न. मँडरिन भाषक स्टॅनफर्डमधले, आणि त्यांची चाचणी घेतली इंग्रजीत. त्यांनी एक हुशारी केली. सहभागी द्विभाषक आहेत ही अडचण लपवायच्या ऐवजी मोजली: इंग्रजी कितव्या वर्षी शिकायला लागलात हाच आकडा विश्लेषणात घेतला. पुढे २००७ मध्ये दोन स्वतंत्र लेखांनी तो निकाल पुन्हा मिळत नसल्याचं दाखवलं आणि २०११ मध्ये बोरोदित्स्कींच्या गटाने वेगळ्या चाचणीने पुन्हा बाजू मांडली. तो वाद इथे नको. पण सहभागींच्या वर्णनातला एक रकाना विश्लेषणाचा भाग होऊ शकतो, हे तिथे दिसलं.

अशा अभ्यासासाठी सहभागींची भरती कशी करायची याबद्दल माझं सांगणं थोडं रोखठोक आहे. ‘तुमची मातृभाषा कोणती?’ हा प्रश्न अर्जातून काढून टाकावा, किंवा निदान त्यावर निवड करू नये. त्या जागी साधे, पडताळता येणारे प्रश्न घालावेत. पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत घरात कोण तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं? प्राथमिक शाळेचं माध्यम काय होतं, माध्यमिकचं काय? आता दिवसभरात वाचता कशात, भांडता कशात, हिशेब कशात करता? कुठल्या शहरात वाढलात? शांघायचा माणूस म्हटला की घरी वू भाषा असण्याची शक्यता, ग्वांगचौचा म्हटला की कॅन्टोनीज, फूचौचा म्हटला की मिन. २००७ मध्ये मारियन, ब्लूमेनफेल्ड आणि कौशान्स्काया यांनी भाषेचा अनुभव आणि प्रावीण्य विचारणारी लीप-क्यू नावाची प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती आता सर्रास वापरली जाते आणि तिच्यात असे बरेच प्रश्न तयार मिळतात. ती भरायला वेळ लागतो, सहभागी कंटाळतात, हे खरं. कंटाळले तर मानधन थोडं वाढवा.

दोन गोष्टी याहूनही क्षुल्लक वाटतात आणि तिथेच माती होते. पहिली, जाहिरातीची भाषा. मँडरिन भाषकांसाठीची सूचना इंग्रजीत लावली, की इंग्रजी सहज वाचणारेच येणार. वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवरच्या गटांत चिनीत टाकली, की वेगळी माणसं येतात. दुसरी, लिपी. मुख्य भूमीवर १९५० च्या दशकापासून सोपी केलेली चिन्हं चालतात, तैवान-हाँगकाँगमध्ये पारंपरिक. चाचणी एकाच लिपीत छापली तर दुसऱ्या लिपीत वाचणाऱ्या कित्येकांना आपण मुकाट्याने वगळलं, आणि त्यांच्यापैकी जे तरीही आले त्यांना किंचित हळू वाचायला लावलं. वाचनाचा वेळ मिलिसेकंदांत मोजणाऱ्या अभ्यासात ‘किंचित’ला फार किंमत असते.

इंग्रजीच्या बाजूलाही सगळं आलबेल नसतं, आणि हे आपल्याकडे चटकन पटावं. २०११ च्या जनगणनेत भारतात इंग्रजी मातृभाषा सांगणारे सुमारे २.६ लाख निघाले. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकलेली, घरी आजीशी मराठी आणि मैत्रिणींशी इंग्रजी बोलणारी मुलगी ‘इंग्रजी मातृभाषक’ या चौकटीत बसत नाही, तरी बिअरची गोष्ट तिला मराठीपेक्षा इंग्रजीत सोपी जाईल. आणि नंदुरबारकडचा मुलगा, घरी अहिराणी, शाळेत मराठी, अर्जावर ‘मातृभाषा: मराठी’ असं बिनदिक्कत लिहितो. तैवानच्या होक्कियन बोलणाऱ्या माणसाने ‘चिनी’ लिहिलं ते याच सहजपणे.

ब्लूमच्या मूळ प्रश्नाचं काय झालं? तो पूर्ण निकालात निघाला नाही. २००५ मध्ये येह आणि गेंटनर यांनी गोष्टींचे दोन प्रकार केले. काहींत, घडलेलं नाही हे सामान्य ज्ञानावरूनच कळतं. काहींत फक्त मजकुरावर विसंबावं लागतं. पहिल्या प्रकारात चिनी वाचक अडले नाहीत, दुसऱ्या प्रकारात अडचण दिसली. बिअर दुसऱ्या प्रकारातला. अठराव्या शतकातल्या कुठल्याशा तत्त्वज्ञाने काय केलं आणि काय नाही, हे वाचणाऱ्याला आधीपासून ठाऊक असण्याचं कारण नाही. तो कागदावरच्या वाक्यांवर चालतो, आणि त्या वाक्यांवर खूण नसेल तर चुकण्याची शक्यता वाढते. म्हणजे ब्लूमना हाती लागलेलं काहीतरी खरं होतं, फक्त ‘चिनी माणूस असा विचार करत नाही’ एवढं मोठं ते नव्हतं. ते नेमकं केवढं, हे मोजायला असा गट लागेल जो मँडरिनमध्येच वाढला, मँडरिनमध्येच शिकला, मोठा मजकूर वाचण्याइतका शिकला आणि तरी इंग्रजीपासून लांब राहिला. असे लोक आता मुख्यतः उत्तर चीनमधल्या उतारवयाच्या पिढीत सापडतील, आणि त्यांच्यासमोर बसवायला त्याच वयाचे, तेवढेच शिकलेले अमेरिकन लागतील, महाविद्यालयातली पोरं चालणार नाहीत.